सात भात

बहरीनला मी आलो तो कंपनीच्या व्हिसावर. मग बायको माझ्या व्हिसावर आली. मुलगा इथंच जन्मला, तोही माझ्या व्हिसावर वाढला. अस्करच्या बाजूला अॅल्युमिनियमच्या कारखान्यात, स्टोअर्समध्ये, नटबोल्ट मोजत मी आयुष्य काढलं आणि निवृत्त झालो. आता मी मुलाच्या व्हिसावर राहतो. ज्याला मी बुटाची लेस बांधायला शिकवली तो अधूनमधून मला विचारतो, "डॅड, युअर कार्ड इज विथ यू, नो?" आणि मी खिसा चाचपून "हो, आहे" म्हणतो.

गावी वसईला राहिलो असतो तर निवृत्तीनंतर काय करायचं हा प्रश्न पडला नसता. वाडी होती, केळी होती, चर्चची कमिटी होती आणि भावांशी बांधावरून भांडायचं होतं. इथं त्यातलं काहीच मिळत नाही. इथं अदलियातल्या एका कॅफेत सकाळी आम्ही निवृत्त मंडळी बसतो आणि एकाच कॉफीवर दुपार आणतो. प्रत्येकानं काहीतरी शिकायला घेतलेलं असतं. एक जण गिटार शिकत होता, एक योग, एक शेअर बाजार. प्रगती तिघांचीही सारखीच होती. तिघांचीही पाठ दुखायची.

तिथं एकदा कुणीतरी फोनवर आलेला मेसेज वाचून दाखवला. म्हातारपणी नवी भाषा शिकली की डोकं शाबूत राहतं म्हणे.

"मग अरबी शिकूया," एक जण म्हणाला, आणि सगळे हसले. अख्खी हयात इथं गेली तरी आमची अरबी यल्ला म्हणजे चला, खलास म्हणजे संपलं, मफी म्हणजे नाही आणि इंशाल्ला या चार शब्दांत आटपते. या चार शब्दांवर माणूस नोकरी करतो, घर भाड्यानं घेतो, पोलिसाशी बोलतो. पाचवा शब्द शिकायची गरज आम्हांला कधी पडली नाही.

आणि थाई शिकायची वेळ येईल असं तर स्वप्नातही आलं नव्हतं.

मुलानं लग्न केलं ते थाई मुलीशी. सूनबाई सखीरच्या विद्यापीठात प्रयोगशाळेत काम करते. बोलायला शांत, कामाला वाघीण, इंग्रजी माझ्यापेक्षा बरं. पण चर्चमधली आमची माणसं पहिला प्रश्न एकच विचारायची, "मसाजचं काम करते का?" मी "प्रयोगशाळेत असते" असं सांगितलं की ही माणसं मान डोलवायची आणि तिथंही मसाज चालतो का, असा चेहरा करायची. नात झाली तेव्हा मात्र सगळी बघायला आली आणि नाक कुणाचं यावर एकमत न होता परत गेली.

बाळंतपणाला सूनबाईची आई आली. म्हणजे आमच्या विहीणबाई.

विमानतळावर त्या बाहेर आल्या. लहानखुऱ्या, पांढरे केस बारीक कापलेले, पाठीवर एक सॅक आणि हातात लोणच्याच्या वासाची एक पिशवी. आम्हांला बघून त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या, "सवाद्दी खा."

"खाऊ हो, खाऊ," माझी बायको म्हणाली, "आधी घरी तर चला."

थाई बाया प्रत्येक वाक्याच्या शेवटी अदबीनं 'खा' लावतात, हे आम्हांला नंतर कळलं. तोवर बायकोनं त्यांचा फार चांगला ग्रह करून घेतला होता. बाई दिवसभर दुसऱ्यांना 'खा, खा' म्हणते म्हणजे घराणं चांगलं असणार, असं तिचं मत झालं. विहीणबाईंना इंग्रजी येत नव्हतं, आम्हांला थाई येत नव्हती. बायकोनं त्यावर आपला तोडगा काढला. ती त्यांच्याशी मराठीतच बोलायची, फक्त मोठ्यानं. "माणूसच आहे ना ती," म्हणायची, "नीट ओरडून सांगितलं की कळेल." विहीणबाईंचा आवाज तर मुळातच स्टेशनवरच्या भोंग्यासारखा. त्या तिकडं एका रेल्वे स्टेशनाबाहेर नूडल्सचं दुकान चालवायच्या, आणि गाडी सुटायच्या आत गिऱ्हाइकाला वाटी पोचवायची तर तसाच गळा लागतो, असं सूनबाईनं सांगितलं. दोघी स्वयंपाकघरात उभ्या राहून आपापल्या भाषेत ओरडायच्या. खालून जाणाऱ्याला वाटलं असतं, घरात मारामारी चाललीय. आत मात्र कोथिंबीर निवडणं चाललेलं असायचं.

माझं आणि त्यांचं बिनसलं ते जेवणाच्या टेबलावर. मी दुसऱ्यांदा भात घेत होतो. विहीणबाईंनी माझ्याकडे बघितलं, लेकीला काहीतरी म्हणाल्या आणि दोघी हसल्या. त्यात मी 'खाव' हा शब्द स्पष्ट ऐकला. खाव म्हणजे भात, एवढं सूनबाईनं मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"नथिंग, डॅड," सूनबाई म्हणाली.

'नथिंग' म्हणजे काय असतं ते कोणत्याही सासऱ्याला कळतं.

त्यानंतर मी कान टवकारून राहू लागलो. विहीणबाई रोज संध्याकाळी, सूनबाई बाळाला आत झोपवत असताना, गॅलरीत बसून बहिणीला फोन करायच्या आणि त्यात हटकून एक वाक्य यायचं. "जेत खाव माक." कधी हळू, कधी सुस्कारा टाकून, पण यायचंच. माझ्या घरात, माझ्या गॅलरीत, माझ्या भातावर चर्चा चाललीय आणि मला एक अक्षर कळत नाही! खरं तर घर मुलाचं होतं आणि गॅलरीही त्याचीच. पण अपमान माझा होता. मी थाई शिकायचं ठरवलं. कॅफेतल्या मंडळींना सांगितलं, "डोकं शाबूत राहावं म्हणून."

फोनवर एक अॅप घेतलं. त्यात गोड आवाजाची एक बाई वाक्यं म्हणायची आणि मी तिच्यामागून म्हणायचो. थाई ही भाषा अशी आहे की शब्द एक आणि सूर पाच. आवाज वर नेला की एक अर्थ, खाली आणला की दुसरा, मध्येच मोडला की तिसरा. माझा गळा लहानपणापासून एकाच पट्टीतला. चर्चच्या कॉयरमधून मला त्याच कारणासाठी काढलं होतं.

पहिलं जाहीर प्रदर्शन व्हिडिओ कॉलवर झालं. सूनबाईचं सगळं गोत फोनच्या पडद्यावर जमलं होतं. नातीला मांडीवर घेऊन मी म्हणालो, "फोम पेन पू." म्हणजे, मी आजोबा आहे. तिकडं सगळी अशी हसत सुटली की एक म्हातारा खुर्चीवरून सरकून पडद्याबाहेरच गेला.

सूनबाई बाहीनं डोळे पुसत म्हणाली, "डॅड, यू सेड, आय अॅम अ क्रॅब."

'पू' आवाज खाली पाडून म्हटलं तर आजोबा, सरळ म्हटलं तर चिंबोरी. मी सरळ म्हटलं होतं.

"खोटं काय त्यात?" बायको म्हणाली. "धरलं की सोडत नाहीत."

अॅपच्या नादी लागून चालणार नाही, गुरू पाहिजे, असं मला वाटलं. मनामात माझ्या एका जुन्या दोस्ताचं दुकान आहे. रत्नागिरीकडचा, माझ्याच वयाचा, नारळ, तांदूळ आणि सुक्या मासळीचा व्यापारी. त्याचा बराच माल थायलंडहून येतो, आणि तो स्वतः माल बघायला तिकडं जाऊन येतो.

"थाई शिकायचीय," मी म्हटलं.

"या वयात? लफडं हाय काय?"

"विहीणबाई आल्यात."

"मंग तर मोठं लफडं." त्यानं चहा मागवला. "बोल, किती येतं तुला?"

मी मान झुकवून, हात जोडून, अॅपवाल्या बाईच्याच लाडिक सुरात म्हटलं, "सवाद्दी खा."

त्यानं कपाळाला हात लावला. "आरं, 'खा' बाईनं म्हणायचं. बाप्यानं 'खराप'. तू घरात इतके दिवस बाईसारखा बोलतोयस काय?"

म्हणजे इतके दिवस मी विहीणबाईंशी अत्यंत विनयशील तरुणीसारखा बोलत होतो आणि घरात एकानंही मला सांगितलं नव्हतं. मुलाला विचारलं तर म्हणाला, "वी थॉट इट वॉज क्यूट." घरी जाऊन मी शेवटाला 'खराप' लावायला लागलो, तेव्हा बायको वैतागली. "पाहुण्या बाईनं केलेल्या प्रत्येक गोष्टीला खराब खराब काय म्हणता?"

दोस्ताची शिकवण्याची पद्धत सोपी होती. आधी आकडे, मग 'किती', मग 'महाग आहे', मग 'कमी करा', मग 'नको'. "एवढ्यावर मी तिकडं आठवडाभर फिरतो," तो म्हणाला. "बाकीची भाषा म्हंजे शोभा." त्याच्याकडे शिकून मी जो तयार झालो तो पक्का बाजारी गिऱ्हाईक. विहीणबाईंनी नातीसाठी स्वतः शिवलेलं झबलं दाखवलं, तर माझ्या तोंडून कौतुकाचा शब्द म्हणून निघाला 'पेंग', म्हणजे महाग. आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली म्हणून घाईघाईनं पुढं जोडलं 'लोत नोय', म्हणजे थोडं कमी करा. त्यांनी झबलं घडी घालून उचलून ठेवलं.

पण मला जे पाहिजे होतं ते मी दोस्ताला विचारलंच. "जेत खाव माक म्हणजे काय रे?"

"जेत म्हंजे सात," त्यानं बोटावर मोजलं. "खाव म्हंजे भात. माक म्हंजे लय. सात भात लय."

"म्हणजे?"

"तू कितींदा घेतोस भात?"

"दोनदा. कालवण चिंबोऱ्यांचं असेल तर तीनदा."

"तिला सात दिसलं आसतील. पावणी हाय, मोजीत बसली आसंल."

माझं डोकं फिरलं. सात! मी त्याच संध्याकाळी भात बंद केला. कुणाला काही बोललो नाही. अशा गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात, त्या समोरच्याच्या लक्षात याव्या लागतात. टेबलावर मी पाव खायचो, नाहीतर इराण्याच्या भट्टीतून आणलेली खुब्जची रोटी, आणि भाताचं पातेलं आलं की ते विहीणबाईंच्या पुढ्यात सरकवायचो. कालवण पावाला लावून खाणं ही काय शिक्षा आहे हे वसईच्या माणसाला वेगळं सांगायला नको. बायकोनं पोट बिघडलंय का विचारलं. मुलानं शुगर तपासायला सांगितली. मी "काही नाही" म्हणायचो, अगदी सूनबाईच्या 'नथिंग'च्या चालीवर.

विहीणबाईंच्या लक्षात आलं, पण मला हवं होतं तसं नाही. एका सकाळी त्या माझ्यासमोर एक वाडगा घेऊन उभ्या राहिल्या. तांदळाची पातळ पेज, वर आलं आणि कांद्याची पात. आमच्याकडे पेज देतात आजाऱ्याला. मला वाटलं, बाई टोमणा मारतेय. भात झेपत नाही ना, मग ही घे पेज. मी दोस्ताकडून शिकलेला सगळ्यात कडक शब्द वापरला. "मै आव." नको.

त्या वाडगा घेऊन स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्याला टेकून उभ्या उभ्या ती पेज स्वतःच प्यायल्या.

"काय म्हणालात तिला?" बायकोनं विचारलं.

"नको म्हणालो."

"तोंड बघा जाऊन तिचं."

मी गेलो नाही. निवृत्त माणसाला एकदा धरलेला मुद्दा सोडवत नाही. त्याच्याजवळ दुसरा मुद्दाच नसतो.

पुढं नातीचा बाप्तिस्मा झाला. चर्चमधून सगळे जेवायला घरी आले. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि अदलियातल्या त्या जुन्या इमारतीला लिफ्ट नाही. पाहुणे बाळाला घेऊन वर गेले. बर्फ आणि थंड पेयांच्या बाटल्या आणायचं काम माझ्याकडे होतं, कारण उत्सवमूर्तीच्या आजोबाला दुसरं काय काम देणार? त्या पिशव्या घेऊन मी मागून चढत होतो, तर पहिल्या मजल्याच्या वळणावर विहीणबाई पायरीवर बसलेल्या दिसल्या. रेशमी कपडे, केसात फूल आणि चेहरा पांढराफटक. एका हातानं कठडा धरला होता, दुसरा गुडघ्यावर.

मला बघून त्या उठायला गेल्या आणि परत बसल्या. "जेप खाव," म्हणाल्या. "जेप खाव माक."

इथंसुद्धा माझा भात? मी पिशव्या खाली ठेवल्या, सात बोटं वर केली आणि मग तोंडाशी घास नेल्याची खूण करून विचारलं, "सात भात?"

त्यांना काही कळलं नाही. त्यांनी माझी बोटं बघितली, माझं तोंड बघितलं. मग लहान मुलाला शिकवावं तसं त्यांनी आपला गुडघा थोपटला आणि म्हणाल्या, "खाव." मग डोळे घट्ट मिटून, दात आवळून, "जेप."

जेत नव्हे, जेप. सात नव्हे, दुखतंय. आणि हा खाव भाताचा नव्हता, गुडघ्याचा होता. सूर वेगळा.

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो. इतक्या दिवसांचा पाव माझ्या घशाशी आला. मी माझ्यापरीनं सांगायचा प्रयत्न केला. खूण करून भात, मग सात बोटं, मग गॅलरीतला फोन, मग माझं फुगलेलं तोंड आणि पाव. त्या बघत राहिल्या. अर्धं तरी कळलं असावं, कारण त्या एकदम हसायला लागल्या, ते स्टेशनवरच्या गळ्यानं. अख्खा जिना घुमला. वरून मुलानं ओरडून विचारलं, "डॅड? एव्हरीथिंग ओके?"

विहीणबाईंनी चटकन ओठांवर बोट ठेवलं. वर लेकीच्या दिशेनं हात केला, बाळ झुलवल्याची खूण केली आणि जोरजोरात मान हलवली. ते समजायला कुठल्याच भाषेची गरज नव्हती. लेक बाळंतीण, तिची काळजी घ्यायला आई आली. आता आईनंच गुडघा धरून बसायचं? लेकीला कळलं तर ती आईलाच बिछान्यावर झोपवेल.

"ओके, ओके," मी वर ओरडलो. "बर्फ सांडला."

त्यांना हाताला धरून मी एकेक पायरी वर नेलं. वर पोचेपर्यंत बर्फाचं पाणी झालं होतं, त्यामुळे माझं म्हणणं सगळ्यांना पटलं.

दुसऱ्या आठवड्यात मी जाहीर केलं की विहीणबाईंना माझ्या दोस्ताच्या दुकानातले थाई नारळ बघायचे आहेत. टॅक्सी करून आम्ही निघालो आणि थेट हॉस्पिटलमध्ये गेलो. डॉक्टर इजिप्तचे होते. त्यांना थाई येत नव्हती, विहीणबाईंना इंग्रजी येत नव्हतं, आणि दुभाषा म्हणून मध्ये मी. फोनवर भाषांतर करणारं अॅप होतं, पण मी ते खिशातच ठेवलं. इतकं शिकलो ते काय यंत्राला विचारायला?

"विचारा, वेदना किती?" डॉक्टर म्हणाले. "एक ते दहात."

'किती' मला येत होतं. बाजारातलं येत होतं, पण येत होतं. मी म्हटलं, "जेप थाव राय?" म्हणजे, दुखणं काय भाव?

विहीणबाईंनी विचार केला आणि म्हणाल्या, "जेत."

"ती म्हणतेय, दुखतंय," मी डॉक्टरांना सांगितलं.

"ते मला दिसतंय. किती?"

"थाव राय?"

"जेत."

"दुखतंय म्हणतेय, डॉक्टर."

"मिस्टर," डॉक्टर पेन खाली ठेवून म्हणाले, "आकडा पाहिजे."

विहीणबाईंनी माझ्या तोंडासमोर सात बोटं धरली. तेव्हा कुठं मला उमगलं, या वेळी खरंच सात होते. त्यांना पुन्हा हसू फुटलं, डॉक्टरांना राग आला, आणि दार उघडून काय चाललंय ते बघायला नर्स आली. तिनं मला बघितलं, विहीणबाईंना बघितलं. ती आमच्या वसईकडची, आमच्याच चर्चमधली होती. ती गोड हसली. मला त्याच वेळी सावध व्हायला पाहिजे होतं.

एक्सरे झाला. झीज होती, सूजही होती. गुडघ्याला पट्टा, व्यायाम, काही दिवस फिजिओथेरपी, आणि जिना शक्यतो चढायचा नाही. "याच्यानं कमी होईल," असं डॉक्टर म्हणाले, आणि ते मी अचूक भाषांतर करून सांगितलं. "लोत नोय." आयुष्यात पहिल्यांदाच तो शब्द मी योग्य जागी वापरला.

फिजिओथेरपीसाठी आम्ही पुन्हा पुन्हा जायला लागलो. आणि दर वेळी खोटं निभावायला परतताना दोस्ताच्या दुकानातून नारळ आणावे लागले. स्वयंपाकघरात नारळ मावेनात. ते फ्रिजवर गेले, गॅलरीत गेले, बाळाच्या टबाखाली गेले. बायको रोज विचारायची, "एवढ्या नारळांचं करायचं काय? मंदिर काढताय का?" कॅफेतल्या मंडळींनी मला एकदा टॅक्सीतून विहीणबाईंना हात देऊन उतरवताना पाहिलं, तेव्हापासून ते माझ्याशी जरा जास्तच आदरानं बोलू लागले. गिटारवाल्यानं विचारलं, थाई शिकायला किती दिवस लागतात.

इथं सुट्टी शुक्रवारी, म्हणून मिस्साही शुक्रवारी, आणि त्या मिस्साला सगळं उघडं पडलं. चर्चबाहेर एका बाईनं माझ्या बायकोला विचारलं, "विहीणबाईंचा गुडघा कसा आहे आता? तुझा नवरा किती करतो हो त्यांचं!"

बायकोनं टॅक्सीचं दार धाडकन लावलं. घरी आल्यावर ती सरळ विहीणबाईंसमोर उभी राहिली आणि शुद्ध मराठीत, घर हादरेल अशा आवाजात म्हणाली, "दुखतंय तर मला सांगायचं होतं! या माणसाला कशाला सांगितलं? याला काय कळतं?" विहीणबाईंनी तितक्याच मोठ्यानं थाईत काहीतरी उत्तर दिलं. सूनबाई बाळाला घेऊन बाहेर आली. गुडघ्याचं कळल्यावर ती आईवर ओरडली, मग माझ्यावर, मग रडली. मुलगा मला एवढंच म्हणाला, "कोकोनट्स, डॅड? रिअली?"

पण वाईटातून बरं निघालं. इमारतीच्या तळमजल्यावर आमच्याच घराएवढं एक ऑफिस होतं, ते रिकामं झालं होतं. मुलानं घरमालकाला गाठलं आणि आम्ही तिथं उतरलो. तळमजल्याला उजेड कमी, आणि खिडकीबाहेर गाड्या लावणारे दिवसभर हॉर्न वाजवतात. पण विहीणबाई आता दारातून थेट रस्त्यावर येऊ शकत होत्या. संध्याकाळी आम्ही तिघं, त्या, बायको आणि मी, गल्लीच्या टोकापर्यंत हळूहळू जायचो. भात मी पुन्हा सुरू केला. विहीणबाई स्वतः वाढायच्या आणि दर डावाला मोठ्यानं आकडा म्हणायच्या. तिसऱ्या डावाला 'सात' म्हणायच्या.

त्या जायच्या आधी एका संध्याकाळी मी पेपर वाचत होतो. आत त्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या. मी ऐकत नव्हतो, पण एक वाक्य आपोआप कानात शिरलं आणि आपोआप कळलं. अॅप नाही, दोस्त नाही, खुणा नाहीत. "पू फूत माक." आजोबा फार बोलतात. सूरसुद्धा बरोबर ओळखला होता. आजोबाच, चिंबोरी नव्हे. मला इतका आनंद झाला की मी उठून बायकोला जाऊन सांगितलं.

"हे कळायला तुम्हांला थाई शिकावी लागली?" ती म्हणाली.

व्हिसा संपला आणि विहीणबाई गेल्या. विमानतळावर बायको आणि त्या एकमेकींच्या गळ्यात पडून आपापल्या भाषेत ओरडून रडल्या. सुरक्षा रक्षक धावत आला. मी त्याला माझ्या चार अरबी शब्दांतले दोन देऊन शांत केलं.

घर आठवडाभर फार शांत वाटलं. सूनबाई कामावर रुजू झाली होती. ती घरी माझ्याशी इंग्रजीत बोलते, मुलाशी इंग्रजीत, बाळाशी मात्र थाईत. एका सुट्टीच्या दुपारी मुलगा आणि बायको बाजारात गेले होते. ती बाळाचे कपडे घडी करत बसली होती, मी समोर पेपर घेऊन. आणि ती एकदम माझ्याशी थाईत बोलायला लागली. सावकाश नाही, माझ्यासाठी सोपं करून नाही, माणूस घरात बोलतो तसं. मला त्यातलं आई कळलं, गाडी कळली, पाऊस बहुतेक कळला. बाकीचं वाहून गेलं. मी मध्ये 'काय' म्हणून विचारलं नाही. पेपर बाजूला ठेवला आणि जिथं जिथं ती थांबायची तिथं हं म्हणत राहिलो.

बऱ्याच वेळानं ती थांबली आणि इंग्रजीत म्हणाली, "डॅड, यू अंडरस्टुड?"

"थोडं," मी म्हटलं.

"इट्स ओके," ती म्हणाली, आणि पुढचं झबलं उचलून पुन्हा थाईत सुरू झाली.